‘हातपाय झडतात का हो?’ : कुष्ठरोगाबद्दल लोक जे विचारतात ते

मी चंद्रपूर जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. खांद्याला पिशवी, पिशवीत कापूस, बॉलपेन, गोळ्यांची पाकिटं आणि रजिस्टर, असा तीस वर्षं गावोगाव फिरलो. निवृत्त झालो, पण प्रश्न काही निवृत्त झाले नाहीत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला माझी नोकरी कळली की तो आधी पाटावर किंचित सरकतो आणि मग हळूच काहीतरी विचारतो. ते प्रश्न इथे लोकांच्याच भाषेत मांडलेत. काही उत्तरं लांबलीत, त्याला इलाज नाही.

हातपाय झडतात का हो?

नाही. झडत नाहीत, गळून पडत नाहीत, सडतही नाहीत. हा प्रश्न पहिला घेतला, कारण बाकीची भीती याच्याच खांद्यावर उभी आहे.

या रोगाचा जंतू कातडीत आणि नसांमध्ये घर करतो. नस सुजते आणि हळूहळू काम सोडते. मग तिच्या ताब्यातला भाग बधिर होतो. जंतूचं काम बहुतेक इथेच संपतं. पुढची नासधूस बधिरपणा करतो. जिच्या हाताला चटका कळत नाही ती बाई चुलीवरचं पातेलं सांडशीशिवाय उतरवते. फोड येतो, पण दुखत नाही म्हणून तोच हात घेऊन ती शेतात निंदायला जाते. फोड फुटतो, त्यात माती जाते, जखम चिघळत हाडापर्यंत पोचते. हाड आतल्या आत झिजतं आणि बोट आखूड होतं. लोकांना फक्त आखूड बोट दिसतं, पातेलं कुणाला दिसत नाही. रात्री झोपेत उंदराने बोट कुरतडलं आणि सकाळी अंथरुणावर रक्त दिसल्यावर माणसाला कळलं, अशा दोन केसेस मी स्वतः पाहिल्या आहेत.

तमिळनाडूत वेल्लोरला शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून हेच दाखवून दिलं. या रुग्णांचं मांस तुमच्या-आमच्या मांसासारखंच असतं. जखमेला विश्रांती दिली तर ती भरून येते. हाताचा एखादा धडधाकट स्नायू दुसरीकडे जोडून वाकडी झालेली बोटं सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया तिथे रूढ झाल्या. आपल्याकडे मुंबईत डॉ. नोशीर अंटिया यांनी हे काम पुढे नेलं. वाकडा हात सरळ झालेला माणूस सगळ्यात आधी काय करतो, सांगू? चारचौघांत नमस्कार करतो. आधी त्याचे हात नेहमी खिशात किंवा धोतराच्या सोग्यात असायचे.

महारोग, रक्तपिती, कुष्ठ, कोड… हे सगळं एकच का?

पहिली तीन नावं आज एकाच रोगाची समजली जातात, कोड मात्र सर्वस्वी वेगळं.

‘कुष्ठ’ हा शब्द जुना आहे. चरकसंहितेत सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं सांगितली आहेत. म्हणजे त्या काळी कातडीच्या कितीतरी रोगांचं ते सामायिक नाव होतं, आजच्या हिशेबाने खरूज-नायटाही त्यातच आला असता. पुढे ते नाव एकाच रोगाला चिकटलं, पण बाकीच्यांवरची सावली काही हटली नाही. कोडाला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणतात तिथे हा घोळ उघडा पडतो. कोडात फक्त कातडीचा रंग जातो. तिथे स्पर्श कळतो, चटका कळतो, आणि ते कुणापासून कुणाला लागत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा दुधासारखा पांढरा नसतोच. तो आसपासच्या कातडीपेक्षा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथे संवेदना कमी झालेली असते. तरीही गालावर कोड असलेल्या पोरीला स्थळं येत नाहीत, कारण त्या नावात ‘कुष्ठ’ आहे. नाव ठेवताना कुणी एवढा विचार केला नसेल, पण त्याची किंमत ती पोर मोजते.

‘महारोगी’ हा शब्द मी कामात कधी वापरला नाही. ‘तुला महारोग होईल’ ही आपल्याकडे शिवी आहे, आणि शिवीतला शब्द तपासणीच्या कागदावर आला की समोरचा माणूस उठून निघून जातो. एक खरं की आनंदवन चालवणाऱ्या संस्थेचं नाव ‘महारोगी सेवा समिती’ आहे. १९४९ साली तोच शब्द चालत होता. त्या नावाला नाक मुरडण्यात अर्थ नाही. त्या माणसांनी शब्दाला घाबरून रोग्याला टाळलं नव्हतं.

हा पापाचा रोग म्हणतात. गेल्या जन्मी नाग मारला की होतो, असं आजी सांगायची.

माझीही आजी सांगायची. पुराणात कृष्णाच्या मुलाला, सांबाला, शापाने कुष्ठ होतं आणि सूर्याच्या उपासनेने ते जातं, ही कथा अनेकांना ठाऊक असते. तिच्यात रोग आणि अपराध अशी गाठ बांधली आहे की ती सुटता सुटत नाही.

या समजुतीला मी नुसतं अडाणीपण म्हणत नाही. ‘मलाच का?’ हा प्रश्न जंतूच्या उत्तराने सुटत नाही. शंभरातल्या जवळजवळ पंचाण्णव माणसांच्या अंगात या जंतूला परतवण्याची ताकद उपजतच असते. मग उरलेल्या पाचांत मीच का, याचं उत्तर माझ्या पिशवीत नव्हतं, पण आजीपाशी होतं. म्हणून आजीचं उत्तर टिकलं.

त्या उत्तराची गोम वेगळीच आहे. पाप म्हटलं की ते लपवावं लागतं. मलेरिया झालेला माणूस चावडीवर सांगतो, थंडी वाजून ताप आला. चट्टा आलेला माणूस पूर्ण बाह्यांचा शर्ट शिवून घेतो.

शिवल्याने होतो का? घरात एकाला झाला तर सगळ्यांना होतो का?

हात लावल्याने, शेजारी बसल्याने, एकाच बसमधून गेल्याने होत नाही. उपचार न घेतलेल्या, अंगात जंतू भरपूर असलेल्या रुग्णाच्या जवळ दीर्घकाळ राहिलं तर त्याच्या शिंकण्या-खोकण्यातून जंतू जाऊ शकतो. गोळ्या सुरू झाल्या की फैलावाचा धोका लवकरच संपतो. रोग आनुवंशिक नाही.

जंतू अतिशय संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. म्हणून आत शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधीकधी वीससुद्धा. ‘कुणापासून झाला’ याचा शोध त्यामुळे बहुतेकदा व्यर्थ असतो, पण गावात तो अगदी हिरिरीने चालतो आणि संशय हटकून सुनेवर जातो. ‘माहेराहून घेऊन आली.’ तिच्या लग्नाला दोन वर्षं झालेली असतात आणि सासऱ्याच्या कानाच्या पाळ्या दहा वर्षांपासून जाड झालेल्या असतात.

आता घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफाम्पिसिन या औषधाचा एक डोस प्रतिबंध म्हणून देतात. तो द्यायचा तर रुग्णाचं नाव न फोडता शेजाऱ्यांपर्यंत पोचावं लागतं. ही कसरत कुठल्या प्रशिक्षणात नीट शिकवत नाहीत. आम्ही सगळी आळीच तपासायचो, म्हणजे एका दारावर बोट जायचं नाही.

एवढा मंद रोग, मग एवढी भीती आली कुठून?

थोडी आपली, थोडी बाहेरून आलेली.

आपली सांगून झाली. बाहेरची गोष्ट अशी. १८७३ साली नॉर्वेत बर्गनला डॉ. हॅन्सन यांनी जंतू शोधला. तोवर युरोपात हा रोग वंशपरंपरेचा मानणारे पुष्कळ होते. जंतू म्हटल्यावर ‘लागण’ आली. १८८९ साली हवाई बेटांपैकी मोलोकाईवर रुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन याच रोगाने वारले आणि इंग्लंडात घबराट पसरली. हिंदुस्थानात रोग आहे, आपली माणसं तिथे आहेत, मग आपल्याकडे येणार! याच वातावरणात मुंबईत रस्त्यावरच्या रुग्णांना हलवण्यासाठी १८९० साली माटुंग्याला आश्रम उभा राहिला. पालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांनी त्यासाठी खटपट केली, म्हणून वडाळ्याचं ते रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

गंमत पुढे आहे. १८९०-९१ मध्ये एक आयोग देशभर फिरला आणि त्याने सांगितलं की लागणीचा धोका फार थोडा आहे, सक्तीने वेगळं ठेवायची गरज नाही. तरी १८९८ मध्ये कायदा आलाच. त्याने कुणाला पकडायचं? रस्त्यावर दिसणाऱ्या, पोट भरायचं साधन नसलेल्या रुग्णाला. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायला, अन्नपदार्थ विकायला बंदी घालायची सोयही त्यात होती. घरात माडीवर राहणाऱ्या सावकाराला तोच रोग असला तरी कायदा त्याच्या दारात जात नव्हता. तेव्हा ही भीती रोगाची होती की गरिबीची, ते ज्याचं त्याने ठरवावं. हा कायदा २०१६ साली रद्द झाला. एकशे अठरा वर्षं! त्यातली शेवटची तीस-पस्तीस वर्षं तर खात्रीचं औषध हाताशी असताना गेली.

भिकेवरच्या बंदीचा १९५९चा मुंबईचा कायदाही बघण्यासारखा आहे. भिक्षेकरीगृहातला माणूस कुष्ठरुग्ण निघाला तर त्याला वेगळं हलवून डांबायची तरतूद त्यात होती. कामावर कुणी ठेवायचं नाही, विहिरीवर येऊ द्यायचं नाही, आणि भीक मागितली तर धरायचं.

औषध फुकट मिळतं, मग लोक वेळेवर का येत नाहीत?

याला दोन कारणं. पहिलं आपल्या भाषेतच आहे. आजाराला आपण ‘दुखणं’ म्हणतो, आणि या आजारात दुखतच नाही. खाज नाही, आग नाही, ताप नाही. पाठीवर एक फिकट चट्टा, तोही आरशात न दिसणारा. रोजंदारीची बाई त्यासाठी दिवस कशाला मोडेल?

तपासणी अगदी साधी असते. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, कापसाच्या टोकाने किंवा पेनने कातडीला हलकं शिवायचं आणि म्हणायचं, ‘जिथं लागेल तिथं बोट ठेवा.’ खांद्यावर शिवलं, बोट खांद्यावर. कोपरावर शिवलं, बोट कोपरावर. चट्ट्यावर शिवलं की बोट हवेतच राहतं. माणूस वाट बघत असतो, तुम्ही अजून का शिवत नाही म्हणून. तिसऱ्या वेळी तो डोळे उघडतो, माझा हात चट्ट्यावर बघतो, आणि त्याचा चेहरा उतरतो. मग मी कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपायचो. एरवी जाड दोऱ्यासारखी लागणारी नस करंगळीएवढी टपोरी झालेली असली की समजायचं, उशीर झालाय.

दुसरं कारण लपवाछपवीचं. एका गावात शाळेच्या ओट्यावर तपासणी चालू होती. एक म्हातारे गृहस्थ ओट्याखाली उभं राहून सगळ्यांना हाका मारून बोलावत होते, स्वतः मात्र वर येईनात. मी बोलावलं तर म्हणाले, ‘मले काय झालं जी? तुमी पोरायले पाहा.’ संध्याकाळी मी सायकलला किक… सायकल नव्हे, मोपेड. तर ती सुरू करत होतो तेव्हा पांदीत एकटे उभे होते. धोतर मांडीपर्यंत वर केलं. चट्टा तळहाताएवढा, सात वर्षांचा. पायाचा पंजा लुळा पडायला लागला होता. चट्टा निघाला त्या वर्षी आले असते तर सहा महिन्यांत मोकळे झाले असते. लाजेने घेतलेला पाय गोळीने परत येत नाही.

बायकांचं आणखी अवघड. चट्टा पाठीवर, कमरेवर, मांडीवर; आणि तपासणारा बाप्या. म्हणून आता घरोघरच्या शोध मोहिमेत आशाताई बायकांना तपासते आणि पुरुष स्वयंसेवक पुरुषांना. इतकी साधी गोष्ट खात्याला सुचायला फार वर्षं लागली.

या गोळ्या गरम पडतात का? पथ्य काय पाळायचं?

पाकिटातल्या गोळ्या रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने घ्यायच्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेली ही बहुविध औषधोपचार पद्धत. त्याआधी नुसतं डॅप्सोन असायचं, वर्षानुवर्षं. त्याच्याही आधी कडू कवठीचं तेल.

महिन्याचा पहिला डोस घेतला की लघवी लाल होते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून पाकीट नाल्यात टाकतो: ‘रगत पडून राह्यलं.’ आता ‘गरम पडतात का’ याचं पुस्तकी उत्तर नाही असं आहे. सुरुवातीला मीही तेच द्यायचो. पुढे शहाणा झालो. ताक घेऊ का, विचारलं तर म्हणायचो, घ्या की. ताकाने नुकसान काहीच नाही आणि त्या ताकासोबत गोळी पोटात जाते.

पथ्याचंही तसंच. ‘काही पथ्य नाही, सगळं खा’ असं सांगितलं की समोरचा नाराज होतो. बिनपथ्याचं औषध ते कसलं औषध! पूर्वी लोक मीठ, वांगं, मासे, आंबट सगळं सोडून बसायचे आणि आधीच अशक्त असलेला जीव आणखी खंगायचा. मी एक तोडगा काढला होता: खर्रा (तंबाखू-सुपारी) आणि दारू बंद, एवढंच पथ्य. बायका खूश, पुरुष नाराज. पण औषधाचं वजन वाढायचं.

मध्येच चट्टे लाल होऊन सुजले, ताप आला, नस ठणकायला लागली तर ते औषध ‘उलटलं’ असं समजू नका. ती शरीराची प्रतिक्रिया असते. त्याच दिवशी दवाखाना गाठा, गोळ्या मात्र चालू ठेवा. या काळात नस वाचवता येते, नंतर नाही.

गोळ्या घेऊन मुलगी काळी पडली. लग्न कसं जमेल?

पाकिटातल्या क्लोफाझिमिनने कातडी तांबूस-काळी होते, हे खरं आहे. औषध थांबल्यावर काही महिन्यांत, कधी वर्षभरात रंग परततो. डॉक्टरच्या लेखी हा किरकोळ दुष्परिणाम. मात्र ज्या समाजात ‘मुलगी गोरी, सडपातळ’ अशी जाहिरात छापून येते तिथे तो किरकोळ कसा असेल? मुलगी गोळी बंद करते. आई तिला मावशीकडे पाठवते, ‘उन्हात काळी झाली’ म्हणते.

चपलांचं असंच. बधिर पायांसाठी मऊ रबराच्या खास चपला खात्याकडून मिळतात. उत्तम वस्तू, तळव्याची जखम टळते. पण वर्षानुवर्षं त्या एकाच घडणीच्या आल्या आणि गावाने त्यांना ओळखून ठेवलं. चप्पल पाहिली की रोग कळायचा. लोक त्या घेऊन जायचे आणि माळ्यावर ठेवायचे. आमच्या एका मोच्याने त्याच रबराचा तळ लावून बाजारात चालतात तसल्या पट्ट्यांच्या चपला शिवून दिल्या. त्या झिजेपर्यंत वापरल्या गेल्या.

भगताकडे, वैदूकडे न्यावं का?

तुम्ही मला विचारून नेणार नाही, हे मला ठाऊक आहे. जा, पण गोळी चुकवू नका. अंगारा लावा, चट्ट्यावर डाग मात्र देऊ नका. बधिर कातडीला डागलेलं कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने बसत नाही.

भगताशी भांडून मला कधी काही मिळालं नाही. त्याला चट्टा दाखवला, पेनने तपासायला शिकवलं, तर त्याने मला रुग्ण पाठवले. त्याच्यापाशी माणसाचं ऐकून घ्यायला वेळ असतो, जो ओपीडीत नसतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ही गोष्ट नीट ओळखली. आदिवासींना मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची भीती वाटते हे कळल्यावर त्यांनी शोधग्रामात गोंडी वस्तीसारख्या घरांचा दवाखाना बांधला आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी दवाखाना. देवीच्या दारी आलेला माणूस परका राहत नाही.

आनंदवन, तपोवन, दत्तपूर. तिथे वेगळं काय झालं?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो, थोडक्यात आवरतो.

वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली रुग्णांसाठी काम सुरू केलं. सेवाग्रामात परचुरेशास्त्री आले १९३९ मध्ये. संस्कृतचे पंडित, गांधीजींचे येरवडा तुरुंगातले सोबती, अंगावर रोग पसरलेला. आश्रमात सगळ्यांनाच ते रुचलं नव्हतं. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांची सोय केली आणि रोज स्वतः मालिश करू लागले. सेवाग्रामला गेलात तर परचुरे कुटी बघा. दोन कुट्यांमधलं अंतर मनातल्या मनात मोजा. देशात कुष्ठरोगविरोधी दिन ३० जानेवारीला असतो, त्यामागे हे आहे.

अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभं केलं. आणि वरोऱ्याला बाबा आमटे. बाबांनी स्वतःच सांगितलेली गोष्ट अशी की पावसात गटाराकाठी पडलेला तुळशीराम नावाचा रुग्ण पाहून ते आधी घाबरून पळाले. कुणालाच भीत नाही अशी ज्याची ख्याती, तो माणूस! त्या पळण्याची लाज त्यांना आनंदवनापर्यंत घेऊन आली. सहा रुग्ण, साधनाताई, दोन लहान मुलं, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढ्यावर खडकाळ जमिनीत काम सुरू झालं.

माझ्या मते आनंदवनातलं खरं औषध म्हणजे रुग्णाला दिलेलं काम. त्याला ‘बिचारा’ म्हणून भाकरी वाढली नाही, त्याच्या हाती कुदळ दिली. ज्या हातांची गावाला भीती वाटायची त्याच हातांनी विहीर खोदली, भाजी पिकवली, माग चालवले. इतकंच करून थांबले असते तर ते एक चांगलं बेट झालं असतं. १९६०च्या दशकात तिथे कॉलेज निघालं आणि वरोऱ्याची, आसपासच्या खेड्यांची निरोगी पोरं शिकायला रुग्णांच्या दारात यायला लागली. एरवी रुग्णाला गावात घ्या म्हणून विनवण्या कराव्या लागतात. इथे गावच फी भरून आत आलं.

माझी एक तक्रारही आहे. आनंदवन इतकं मोठं झालं की बाकीच्या महाराष्ट्राला सुटका मिळाली. ‘तिकडे नेऊन सोडा ना, चांगली सोय आहे’, हे वाक्य मी घरच्यांच्या तोंडून असंख्य वेळा ऐकलं. हात-पाय शाबूत, सहा महिन्यांच्या गोळ्यांचा मामला, आणि घर त्या माणसाला ‘चांगल्या सोयीत’ सोडायला निघालेलं. देशात आजही सातशेच्या वर कुष्ठवसाहती आहेत. त्यातले बहुतेक रहिवासी कधीचे रोगमुक्त झालेले आहेत. परत जायला घर मात्र उरलेलं नाही.

नवरा या कारणावरून सोडचिठ्ठी देऊ शकतो का?

कायद्याने आता नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ख्रिश्चन आणि मुस्लिम विवाहांच्या कायद्यांतही होतं. २०१९ साली संसदेने ते सगळीकडून काढून टाकलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा समावेश आहे, त्यामुळे व्यंग असेल तर प्रमाणपत्र आणि सवलती मिळतात. २००८ साली मात्र सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातला, कुष्ठरुग्णाला पालिका निवडणूक लढवू न देणारा नियम योग्य ठरवला होता. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने रुग्णांविरुद्धचा भेदभाव थांबवण्यासाठी सरकारांना निर्देश दिले. दहा वर्षांत वारं फिरलं.

घरातलं वारं वेगळं. नवऱ्याला झाला तर बायको जखमा धुते, बायकोला झाला तर तिला माहेरी पोचवतात. याला अपवाद पाहिले, पण बोटांवर मोजण्याइतके.

पण कुष्ठरोग संपला ना? तसं जाहीर झालं होतं.

डिसेंबर २००५ मध्ये देशातलं प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली, ०.९५ वर आलं. त्याला ‘दुरीकरण’ म्हटलं गेलं आणि लोकांनी, पुढाऱ्यांनी, अगदी डॉक्टरांनीही त्याचा अर्थ ‘संपला’ असा घेतला. १९८०च्या सुमारास हेच प्रमाण पन्नासच्या वर होतं, म्हणजे काम प्रचंड झालं यात वाद नाही. पण आजही भारतात दरवर्षी लाखभर नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून जास्त. महाराष्ट्रात पूर्व विदर्भ आणि पालघरसारखे भाग अजून डोकेदुखीचे आहेत. नव्या डॉक्टरने कुष्ठरोग पाहिलेला नसतो. तो चट्ट्यावर गजकर्णाचं मलम देतो आणि त्यात वर्ष जातं.

चट्टा दिसला तर कुठे जायचं?

कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात. तपासणी आणि गोळ्या मोफत. गावात आशाताईला दाखवा.

त्यांच्या घरचा चहा-पाणी चालतो का?

चालतो. पण हे उत्तर मी पहिल्या दिवशी दिलं नव्हतं.

नोकरी लागून तीन महिने झाले होते. प्रशिक्षणात सगळं पाठ केलेलं: स्पर्शाने होत नाही, भांड्यांनी होत नाही. नदीकाठच्या एका गावात एका मावशींना महिन्याचा डोस द्यायला गेलो. बोटं आखडलेली. गोळ्या घेतल्या आणि म्हणाल्या, बसा, चहा टाकते. त्या हातांनी त्यांनी चूल फुंकली, गूळ फोडला, गाळणी नव्हती म्हणून पदराच्या टोकातून चहा गाळला आणि कप माझ्यापुढे धरला. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मावशी, आज माझा उपास आहे.’

त्यांनी कप मागे घेतला नाही. तसाच धरून ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही, चुलीकडे बघत म्हणाल्या, ‘उपासाले चाय चालते जी.’